आमेन होईपर्यंत

१२ जानेवारी, रविवार, दुपारी
उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात जुने पंच अप्पाराव मोठ्यानं म्हणाले, "ज्याच्या घरी लेकराला शास्त्र शिकवत नाय, त्यानं पंच व्हायची हौस कशाला करावी?" बोलले हवेत, बघत होते माझ्याकडं. २ फेब्रुवारीला चर्चचा कारभार बघणारी मंडळीची पंच कमिटी निवडायची आहे. माझं नाव चर्चेत आहे. (चर्चा मीच सुरू केली, ते असो.)
निर्णय: उद्यापासून तनुजाला घरी बायबलचे धडे. रोज सात वाजता. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, ईस्टरच्या आत. चिकलठाण्याला कंपनीत मी नव्या पोरांना मशीन शिकवतो. चौथीतली एक मुलगी म्हणजे किस झाड की पत्ती!
निशाला सांगितलं. ती म्हणाली, "सात वाजता घरी यायचा रस्ता माहीत आहे का तुम्हाला?" बायकोला व्हिजन नाही.

१३ जानेवारी
पहिला धडा दणक्यात. आदाम, हव्वा, काइन, हाबेल एका दमात संपवले. तनू प्रश्न फार विचारते. हुशारी माझी. काइन आणि हाबेल यांच्यात थोरला कोण? हाबेल, असं ठणकावून सांगितलं. शिकवणाऱ्यानं अडखळायचं नसतं.
शेवटी प्रार्थनेचे नियम दिले. देवाला मनातलं सगळं सांगायचं, काही लपवायचं नाही. आणि कोणी प्रार्थना करत असेल तर आमेन होईपर्यंत बाकीच्यांनी डोळे मिटून गप्प बसायचं, कितीही मोठा माणूस असो. दुसरा नियम तनूला फारच आवडला. दोनदा विचारून खात्री करून घेतली.

१४ जानेवारी
तनूची प्रार्थना: "प्रभू, काइन थोरला होता. मी वाचून बघितलं. पप्पांना माहीत नव्हतं, तरी लई जोरात सांगत होते. त्यांना क्षमा कर."
मधे बोलता येईना. नियम माझाच.

१६ जानेवारी
धडा नाही. कंपनीत काम होतं. (क्रिकेटची मॅच होती, पण कंपनीतच बघितली.)

१७ जानेवारी
नोहा आणि जलप्रलय. नेमकं आजच आठवड्यानं नळाला पाणी आलं. अर्धा धडा हातात पाइप धरून घेतला. तनू म्हणाली, एवढं पाणी आलं तर तेव्हाच्या लोकांनी ड्रम भरून का नाही ठेवले? पुढच्या धड्यात सांगतो म्हणालो. पुढच्या धड्यात योना घ्यायचा होता, पण तो माशाच्या पोटात श्वास कसा घेत होता हे विचारणार म्हणून तो तूर्त वगळला.

१९ जानेवारी, रविवार
व्हाइटबोर्ड आणायला तनूला घेऊन गुलमंडीला गेलो. शिक्षणात साधनं हवीत. तिथं दोन कचोऱ्या खाल्ल्या. डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय, म्हणून तनूला बजावलं की आईला सांगायचं नाही. गुणी पोर आहे, आईला सांगितलं नाही.
देवाला सांगितलं. आई शेजारीच डोळे मिटून बसली होती.

२० जानेवारी
रात्री दुधी भोपळा. सकाळीही तोच होता.

२२ जानेवारी
आज डोकं चालवलं. म्हटलं, प्रार्थना मीच करतो. "प्रभू, घरातल्या गोष्टी घरात ठेवण्याची बुद्धी लहान मुलांना दे. वडिलांचा मान राखायला शिकव." सुरेख झाली. आवाजही लागला होता.
लगेच तनूनं तिची सुरू केली. "प्रभू, पप्पा आत्ता तुझ्याशी बोलत नव्हते, माझ्याशी बोलत होते."
निशाला ठसका लागला. हसत असावी.

२५ जानेवारी
तनूला गोडी लागलीय हे खरं. सातच्या आधीच चटई टाकून बसते. मला मात्र बातम्या बघायला मिळत नाहीत, ग्रुपवरचे मेसेज साचलेत. निशाला स्वयंपाकघरात म्हणालो, दोन तारखेपर्यंत कळ काढतो, एकदा पंच झालो की धडा बंद. निशा दाराकडं बघत होती.

३० जानेवारी, गुरुवार
चर्चचे पाळकसाहेब आणि अप्पाराव घरभेटीला आले. व्हाइटबोर्ड मुद्दाम पुढच्या खोलीत ठेवला होता. चहा झाला, चिवडा झाला. पाळकसाहेब म्हणाले, "बाळ, आज प्रार्थना तू कर." मी म्हणालो, तिचा घसा बसलाय. तनू म्हणाली, "नाय बसला."
सगळ्यांनी डोळे मिटले.
"प्रभू, पप्पा म्हणतात अप्पाराव काका चर्चमध्ये संदेशाच्या वेळी झोपतात. त्यांना रात्री चांगली झोप दे. आणि पप्पांना पंच करू नको. पंच झाले की धडा बंद, असं ते आईला म्हणाले. आधी ते घरी आले की मोबाइलच बघायचे. आता माझ्याजवळ बसतात. त्यांना काही येत नाय, तरी चालंल. येशूच्या नावानं मागते, आमेन."
मी हळूच एक डोळा उघडला. अप्पारावांचे दोन्ही उघडे होते.
उठून आत गेलो. चिवडा आणायला. नाही, चिवड्यासाठी नाही. इथं तरी खरं लिहावं, ही वही कोण वाचतंय? मला फार लाज वाटली.

२ फेब्रुवारी, रविवार, रात्री साडेआठ
पंच म्हणून मंडळीतला गोकुळ निवडून आला. माझं नाव कोणी सुचवलंच नाही. मी स्वतः सुचवणार होतो, पण तनू बाजूलाच बसली होती. बाहेर पडताना अप्पाराव हात जोडून म्हणाले, "साळवे, देवानं लेकराचं ऐकलं बघा." त्यात एवढं खूश होण्यासारखं काय होतं?
घरी येऊन ठरवलं, आज सुट्टी. डोकं दुखतंय. सातला तनू चटई टाकून, हातात मार्कर घेऊन माझी वाट बघत बसली. शेवटी गेलो. योना घेतला. माशाच्या पोटात श्वास कसा घेतला, ते मला माहीत नाही असं सांगून टाकलं. ती म्हणाली, मलाही नाही. मग दोघांनी मिळून बोर्डावर मासा काढला. उंदरासारखा झाला.
प्रार्थना तिनंच केली. "प्रभू, पप्पांना पाडलंस म्हणून थँक्यू. आमेन."
यावर आमेन म्हणणं भाग होतं. म्हणालो, जरा मोठ्यानंच. निशाचं माझ्याहून मोठं होतं.