तो अंगठा तुझा नव्हता

आये,

उद्या भाऊबंद जगनदादाची तडजोड घेऊन येणार आहेत, म्हणून आज तुला लिहायला बसले. तू असतीस तर सगळ्यांना चहा ठेवला असतास आणि मला म्हणाली असतीस, "जाऊदे गो रेखा, भाव हाय तुझा." म्हणून तुझ्याशी आधी भांडून घेते.

तीन वर्षं होत आली. तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी दादाने मृत्युपत्र काढलं. अर्नाळ्याचं घर, मागची बोंबील वाळवायची जागा, सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर, आणि खाली तुझा अंगठा! नवरा वारल्यापासून मी तुझ्याजवळ. शेवटचे आठ महिने मीच तुला भरवलं, न्हाऊ घातलं. आणि मलाच नोटीस, महिनाभरात घर खाली करा, आणि मी हलले नाही तर कोर्टात दावा. सख्ख्या भावाची!

त्याच्या वकिलाचं नाव ऐकून वसई कोर्टातला एकही जुना वकील माझी केस घेईना. शेवटी शेजारच्या सविताची प्राची उभी राहिली आणि तिच्या वर्गातला मेल्विन. दोघांच्या काळ्या कोटांची घडीसुद्धा मोडली नव्हती. तुझ्या मांडीवर बसून फुटाणे खाणारी प्राची गं! पहिल्या तारखेला तिचा आवाज असा चिरकला की समोरचा म्हातारा वकील तोंडावर फाईल धरून हसला.

आणि पहिल्याच उत्तरात पोरांनी माती खाल्ली. मृत्युपत्राची झेरॉक्स मिळाली होती, त्यात अंगठा म्हणजे नुसता काळा डाग. मला विचारलं. मी म्हटलं, तू तापात असताना त्याने दाबून घेतला असेल. झालं! मूळ कागद न बघताच दोघांनी लिहून दिलं, अंगठा आईचाच आहे, पण बळजबरीने घेतलेला. म्हातारा उठला, "अंगठा मान्य आहे, साहेब. आता बळजबरी सिद्ध करू दे!" प्राची जिन्यात बसून रडली. मीही तिला नको नको ते बोलले. अर्धी चूक माझीच होती ना?

मग एका तारखेला मूळ कागद समोर आला. मी वाकून पाहिलं. एकेक रेष मोजून घ्यावी असा अंगठा! आये, तुझ्या अंगठ्याला रेषा उरल्या होत्या कुठे? चाळीस वर्षं बर्फात हात घालून मासळी निवडलीस, कोळंबी सोललीस. रेशनच्या मशीनवर तुझा अंगठा कधी लागला का? पदराला पुसून पुसून लावायचीस, मागची रांग ओरडायची, आणि तू त्या मशीनलाच झापायचीस, "मेल्या, मी जिती हाय ना!" शेवटी माझ्या मोबाईलवर नंबर यायचा, तेव्हा कुठे तांदूळ मिळायचे.

मी तिथेच ओरडले, "हा आयेचा नाय!" साहेबांनी मला गप्प बसवलं. पण मेल्विनने ते बरोबर पकडलं. पोरांनी चूक कबूल केली, भर कोर्टात बोलणी खाल्ली, पण उत्तर बदलून घेतलं. रेशनवाल्याला साक्षीला आणलं. तुझा बँकेतला पुसट ठसा, आम्हा सगळ्यांचे ठसे, सगळं तज्ज्ञाकडे गेलं.

गेल्या आठवड्यात अहवाल आला. अंगठा दादाचा आहे. त्याचा स्वतःचा! अगं, खोटं करायलासुद्धा त्याला दुसरा कोणी मिळाला नाही? म्हातारा नुसता फाईल चाळत राहिला आणि दादा मान खाली घालून उभा. मी हसले. मोठ्याने हसले, आणि मला जराही लाज वाटली नाही.

आता वहिनीचा निरोप आहे. सगळं घर रेखालाच देतो, फक्त पोलिसांत जाऊ नका, त्याची नोकरी जाईल. प्राची म्हणते, "मावशी, घ्या. मृत्युपत्र खोटं ठरलं तरी अर्धं घर त्याचंच राहतं. तडजोड केली तर सगळं तुमचं." पोरगी कायद्याचं बरोबर बोलते. पण मला बाहेर काढताना मी कुठे जाईन, हे त्याने विचारलं होतं का?

तूही चुकलीस, आये. मासळीचा तुकडा त्याच्या ताटात, मला रस्सा. आजारपणात तो दोनदा आला, तेही दारातूनच परत गेला, आणि उशाशी मी बसलेली असताना तू विचारायचीस, "जगन आयला का?" मला ते अजून टोचतं.

उद्या मी सही करणार नाही. जाऊ दे अर्धं घर! मधोमध भिंत घालून राहीन, पण त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केल्याशिवाय सोडणार नाही. आणि दोन वर्षं तुझ्या श्राद्धाला त्याने पान वाढलं, पाणी सोडलं, ते पुरे झालं. यंदा मी सोडणार, भटजी नाही म्हणाले तर भटजीशिवाय. माझ्या हातचं चालत नसेल तर तहानलेली राहा, आये. त्याच्या हातचं मी तुला मिळू देणार नाही, हे माझं वचन.

तुझीच,
रेखा