निजवलेली आंबील

दादा, काल दुपारी हॉटेलातून फोन आला की आंबील संपली, परत पाठवा, आणि ह्या वेळी दुप्पट पाठवा. फोन ठेवून आधी देवापुढं साखर ठेवली, मग बचत गटातल्या बायांना कळवलं. पण लेक म्हणून ज्यांना सांगावं असं आतून वाटत होतं ते तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन तर आता कितीतरी वर्षं झाली. म्हणून लिहायला बसले आहे. कागद जुन्या कॅलेंडरचे पाठकोरे आहेत. चांगला कागद खर्चायला माझा जीव होत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

जालना रोडच्या ह्या हॉटेलात आता बिअर तिथल्या तिथंच करतात. काचेमागं स्टीलच्या टाक्या उभ्या असतात आणि लोक जेवता जेवता त्या बघतात. तुमची वाळूजची बिअरची कंपनी केवढी मोठी, पण भिंतीआड काय चालतं ते बाहेरच्याला कधी दिसलं नाही. आता दाखवायची रीत आली आहे. बाटलीच्या जागी डबे आले, जवाच्या जोडीला बाजरी-ज्वारी घालून बघतात, आणि सगळ्यात नवल म्हणजे न चढणाऱ्या बिअरला गिऱ्हाईक आहे. तरणी पोरं संध्याकाळभर बसतात आणि शुद्धीत घरी जातात. त्यांना आपली आंबट पेयंही पाहिजेत, कांजी, मसाल्याचं ताक, आणि आता आंबील. तिथं बिअर करणारी मुलगी सिल्लोडकडची आहे, मका-कपाशीवाल्या घरची, ह्याच विषयात शिकून आलेली. उस्मानपुऱ्यात गटाच्या स्टॉलवर तिनं माझी आंबील प्याली, वाटी पुसून खाली ठेवली आणि म्हणाली, "काकू, ही बाटलीत द्या मला. आठवडाभर टिकली पाहिजे, आणि तपासणीत नशेचा अंश निघायला नको."

ज्वारीचं पीठ आंबवायचं, शिजवायचं, ताक घालायचं, जिरं-मीठ घालायचं, एवढीच तर आंबील. आईनं ती लातूरकडून माहेरची म्हणून आणली, येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, देवाला दाखवायची म्हणून. मी ती सासरी आणली. पण नशेचा शब्द निघाला आणि आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जपाची माळ खाली ठेवली. "तपासून घे बाई," म्हणाल्या. "पण एक ध्यानात ठेव. तिच्यात दारूचा थेंब जरी निघाला, तर ह्या घरात पुन्हा आंबील शिजायची नाही. हॉटेलाला नाही आणि देवालाही नाही." त्या बोलतात तसं करतात. तेव्हा मला ऑर्डरीपेक्षा आंबिलीचीच काळजी जास्त लागली. आईची म्हणून माझ्याकडं तेवढी एकच गोष्ट उरली आहे, दादा.

पहिल्या खेपेला मी काय केलं ते ऐका. विरजण म्हणून शिळ्या आंबिलीचा डाव घातला, तो बरोबरच होता. पण पहिली बाटली देवाची, आणि देवाला नुसतं आंबट कसं द्यायचं, म्हणून गुळाचा खडा टाकला. मग वाटलं, भरताना ह्यातली पहिली कुठली ते कुणाला कळणार, त्यापेक्षा सगळ्यांतच टाकू. टोपणं गच्च आवळली आणि बाटल्या घरातल्या गार कोपऱ्यात ठेवल्या, म्हणजे देवघराशेजारी. दुसऱ्या दिवशी चैत्राचं ऊन तापलं आणि आत्याबाई पोथी वाचत असताना एकेक टोपण उडायला लागलं. दोन बाटल्या तर फुटल्याच. बाळकृष्णापासून खंडोबापर्यंत सगळे देव पांढरे. आत्याबाईंनी पदरानं पोथी पुसली, चष्मा पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "देवांना आज आंबिलीचा अभिषेक घातलास. तुझ्या दादांच्या सरबताच्या कंपनीत पण असंच व्हायचं काय गं?"

सरबताची कंपनी. लग्न जमवताना मामांनी हेच सांगितलं होतं, आणि तुम्ही सतरंजीवर बसून पानाला चुना लावत राहिलात, मान वर केली नाही. त्यानंतर ह्या घरात तुम्ही सरबतवालेच. जावयाला भेटायला यायचात तेव्हा खरोखरच लिंबाच्या सरबताची बाटली घेऊन यायचात, आणि तुम्ही गेल्यावर मी ती बाटली घासून तेलाला घ्यायची.

काचा वेचता वेचता मला तुमची खंडेनवमी आठवली. वर्षातून त्या एकाच दिवशी घरच्या माणसांना कंपनीत सोडायचे. मी परकर-पोलक्यात आहे, हातात पेढ्याचं ताट, आणि तुम्ही शिडीवर चढून एका एका टाकीला झेंडूचा हार घालता आहात, हळदीकुंकू लावता आहात. टाकी एवढी गार की कुंकू ओघळतं. मी विचारते, आत काय आहे, आणि तुम्ही म्हणता, "तुझी आई मटकीला मोड आणते ना, तसेच आम्ही जवाला आणतो. मग वाळवायचे, भरडायचे, पेज शिजवतात तसं शिजवायचं. गोड पाणी निघतं. त्यात कडू फुलं उकळायची, गार करायचं आणि यीस्ट सोडायचं. ते गोड खातं आणि फसफसतं. गोड संपलं की गप." मग तुम्ही मला त्या लांबलचक बोगद्यापाशी नेता. बाटल्या एका तोंडानं आत जातात, वर पाण्याचे फवारे, आधी कोमट, मग गरम, मग परत कोमट, मग गार. "इथं आम्ही बाटल्या निजवतो," तुम्ही म्हणता. "उरलंसुरलं यीस्ट जागं राहिलं तर वाटेत दंगा करतं. पण एकदम कढत नाही न्यायचं, एकदम गारही नाही, काच तडकते. लेकराला न्हाऊ घालून निजवतात तसं." तुमच्या साहेबांचा इंग्रजी शब्द वेगळा होता. तुम्ही कायम निजवणंच म्हणालात.

हेच तुम्ही आईलाही सांगायला गेला होतात, येळवशीच्या आदल्या दिवशी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरून. आत यायची तुम्हाला परवानगी नव्हती. कंपनीतून आलात की छावणीत आपण राहायचो त्या खोलीबाहेरच्या नळावर अंघोळ, आणि तरीही देवाच्या भांड्याला हात लावायचा नाही. तुम्ही आयुष्यात एक पेला घेतला नाहीत, हलवाई कुठं मिठाई खातो म्हणायचात, पण आईचा नियम म्हणजे नियम. "अगं, गूळ घातलास तर फडकं सैल बांध," तुम्ही म्हणालात. आई म्हणाली, "कंपनीतली अक्कल कंपनीत. माझ्या आंबिलीला बिअरवाल्याचा हात नको." तुम्ही हसलात आणि चपला घालून पान आणायला गेलात.

आता ऐका. गूळ बंद केला. मोठ्या पातेल्यात तळाला फडकं घातलं, बाटल्या उभ्या केल्या, पाणी कोमट केलं, मग हाताला सोसवणार नाही इतकं तापवून तसंच धरलं, मग थोडं थोडं गार. गटातल्या बाया आधी हसल्या. मग त्याही म्हणायला लागल्या, "अहो, ह्या निजल्या का? ह्यांना अजून जरा निजू द्या." एकही टोपण उडलं नाही. तळाला साका बसला, तर चिठ्ठीवर ‘हलवून प्या’ असं लिहिलं. सिल्लोडची मुलगी आली, बाटली उजेडात धरून म्हणाली, "काकू, हे तर पक्क्या कारखान्यासारखं आहे. कुठं शिकलात?" मी म्हटलं, आधी तपासणी होऊ दे.

तपासणीचा कागद घेऊन ती घरीच आली. आत्याबाई समोर पाटावर. मुलगी खोटं बोलू शकली असती, पण बोलली नाही. "आजी, अगदी नाहीच असं कशातच नसतं. आंबवलं की नखभर येतंच. पण हे पिकलेल्या केळ्यात असतं तेवढंच आहे. नियमात बसतं." आत्याबाईंनी कागद हातात घेतला. वाचता येत नाही त्यांना इंग्रजी, तरी ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "केळ्यात असतं?"

"असतं आजी. पिकल्यावर."

"मग सत्यनारायणाचं केळं काय फेकून द्यायचं व्हय? प्रसादात चालतंय तर आंबिलीत का नाही चालायचं." आणि माझ्याकडं वळून, "बघत काय बसलीस? भर बाटल्या."

मुलगी हसायला लागली आणि तिनं परत विचारलं, कुठं शिकलात. ह्या वेळी मी सांगितलं, मोठ्यानं, आत्याबाईंसमोर. म्हटलं, आमच्या दादांकडून. वाळूजला बिअरच्या कंपनीत होते ते, जन्मभर. आत्याबाईंनी माळ उचलली. "एवढं काय ओरडून सांगतीस," म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांनी लग्नाआधीच चौकशी केली होती. कंपनीच्या गेटवर सरकारी साहेब राखणीला बसतो म्हणे. सरबताला कुणी राखण ठेवतं का? पण तुझा बाप लई सरळ माणूस वाटला, म्हणून होय म्हटलं." मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत. तर म्हणतात, "तुम्ही लोकं एवढी हौसेनं सांगत होतात. हौस मोडायची कशाला."

दादा, हॉटेलच्या टेबलांवर आता आमच्या बाटल्या असतात. काचेपलीकडच्या टाक्यांत बिअर आणि अलीकडं आईची आंबील, तुमच्या हातानं निजवलेली. आई असती तर तिला हे चाललं असतं का, सांगता येत नाही. पण गटातल्या सगळ्याजणी निजवणंच म्हणतात, आणि ती मुलगीसुद्धा आता तिच्या माणसांना तोच शब्द सांगते.

हे कागद पोस्टात टाकायचे नाहीत. पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही वाचून नुसते हसला असता. एक मात्र लिहून ठेवते. पहिली ऑर्डर पोचवायला गेले तेव्हा त्या मुलीनं न चढणाऱ्या बिअरचा पेला माझ्यापुढं ठेवला, म्हणाली काकू, बघा तर, दादा काय करत होते. मी देवाचं नाव घेतलं आणि तुमच्यासाठी म्हणून एक घोट घेतला. कडू लागला. मग दुसरा घेतला, तो मात्र चव आवडली म्हणून.