कार्डावरचं कुंकू

डोंबिवली, गुरुवार, ७ मे १९९८

ह्यांच्या कंपनीत या महिन्यापासून पगाराचं पाकीट बंद. पैसे परस्पर बँकेत, हातात नुसतं कार्ड. मग देवापुढे ठेवायचं काय? सासूबाईंनी कार्डच ठेवलं आणि पाकिटाला लावायच्या तसं दोन्हीकडून ओलं कुंकू लावलं. स्टेशनजवळच्या मशीनने ते घेतलंच नाही. हे तणतणत परत आले.

"अगं, पुसून टाक आधी ते कुंकू!"

दिवेलागणीला असं बोलतात का? प्लास्टिकच आहे, कळतं मला. तरी फडकं घेतलं आणि आधी कार्ड उलटं केलं. मागची काळी पट्टी तेवढी स्वच्छ केली. पुढे उठावदार अक्षरांत ह्यांचं नाव आहे. मी कधी तोंडाने न घेतलेलं.

त्यावरचं कुंकू मी पुसलेलं नाही.