टेबलावर तीनदा हात आपटणारा माणूस

जाइल्स,

आपण दोघांनी लिहिलेल्या टीव्ही मालिकेचा पहिला भाग प्रेक्षकांसमोर चित्रित झाला, त्या सकाळी मी बाबांच्या काळ्या कोटाला इस्त्री केली होती. मुलाने लिहिलेलं बघायला ते यॉर्कशरच्या आमच्या खेड्यातून पहिल्यांदाच लंडनला आले होते. तिसऱ्या रांगेत बसले.

गावातल्या छोट्या प्रार्थनाघरात, चॅपेलमध्ये, प्रवचन देताना बाबांची जीभ अडायची, आणि शब्द सुटावा म्हणून ते टेबलावर तीनदा हात आपटायचे. हे मी तुला मित्र म्हणून सांगितलं होतं. तू मला न विचारता ते मालिकेतल्या विनोदी पाद्र्याला चिकटवलंस. लोक पोट धरून हसले. बाबा खाली बघत राहिले. मीही हसलो, ते देवाने पाहिलं आहे.

परतीच्या गाडीत ते एवढंच म्हणाले, "लोकांना आवडलं, बाळा." त्यानंतर मरेपर्यंत ते प्रवचनाला उभे राहिले नाहीत.

आता बावीस वर्षांनी मालिका पुन्हा काढायची, तर दोघांच्याही सह्या हव्यात. परवा फोनवर म्हणालास, "सही कर रे नेथन, म्हातारपणी दोघं मिरवू. तुझं घोडं अडलंय कुठे?"

कारण कळवलं, तर दोन ओळींत माफी मागून तू मोकळा होशील. म्हणून हे पत्र टाकणार नाही. निर्माती विचारते, तेव्हा मी म्हणतो, "जाइल्सला विचारा." तूच आठव.

क्षमा करावी, असं बाबा सांगायचे. मला अजून जमलेलं नाही. आज प्रार्थनेआधी चॅपेलची शेगडी मी पेटवली, तू सहीसाठी पाठवलेल्या करारपत्राने.

नेथन