भरलेल्या टाकीची ओळ

मी, खाली सही करणार, वय अठ्ठ्याहत्तर, शाळा अर्धी सुटलेला, चाळीस वर्षं छोटी विमानं उडवायला शिकवणारा, डोकं ठिकाणावर आणि मानगुटीवर कोणी नसताना हे लिहून ठेवतो. लिहिताना चारदा उठलो. रविवारी लेक नातीला घेऊन उडणार आहे, बूड टेकत नाही.

कलम १. माझं विमान लेकीला. अट एकच: उड्डाणाआधीची तपासणी कागद हातात धरून, ओळीवर बोट ठेवून, मोठ्याने वाचायची. परवा सांगितलं तर हसली. "बाबा, कागद लागतो तो कच्चा, असं कोण म्हणायचं?" मीच म्हणायचो. जीभ झडली नाही, एवढंच.

कलम २. हत्यारांची पेटी क्लबच्या जुन्या मेकॅनिकला. बावीस वर्षांपूर्वी वर चढताच माझं इंजिन बंद पडलं आणि मी नांगरलेल्या शेतात उतरलो. पेट्रोलच्या गाळणीत थोडा कचरा सापडला, मेकॅनिकची नोकरी गेली, मी गप्प बसलो. खरं असं, की मी तपासणी तोंडपाठ म्हणत होतो. मध्येच क्लबच्या कारकुनाने विचारलं, परत कधी येणार? उत्तर देऊन मी पुढची ओळ धरली. पेट्रोलची चावी दोन टाक्यांपैकी भरलेल्या टाकीवर फिरवायची ओळ तेवढी राहिली. शेतात माणसं पोचायच्या आत ती चावी मी फिरवून ठेवली. पाठांतराला भोक पडलं तरी जिभेला ठेच लागत नाही.

काल मेकॅनिकच्या घरी जाऊन हे कबूल केलं. तो म्हणाला, "मास्तर, त्या पेटीतला मोठा पाना माझाच आहे."

कलम ३. कारकुनावरचा राग सोडला. स्वतःची चूक त्याच्या माथी मारून बावीस वर्षं अबोला धरला. आज त्यालाच साक्षीला बोलावलं. ओळीवर बोट ठेवून त्याने सगळं वाचलं आणि विचारलं, "घर कुणाला?"

हेही मी तोंडपाठच लिहीत होतो.

कलम ४. घर लेकीला.

कलम ५. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. हे लेकीने आजच वाचावं.

सही: मास्तर
साक्षीदार: १. क्लबचा कारकून २. शेजारच्या डॉक्टरीणबाई
ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: नऊ, शुक्रवार

वाचलं. बोट ठेवून. तपासणीचा कागद विमानात ठेवून आले. बाबा, आता बसा जरा. (लेक)