साडूभाऊ, पोत सांभाळा

राळेगाव, सोमवार

थोरले साडूभाऊ रामरावजी यांना धाकटा साडू उकंडा याचा नमस्कार. ताईंनाही नमस्कार सांगा. तुमची प्रकृती विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही, कारण अंदमानच्या समुद्रात काळा चष्मा लावून तुम्हाला उताणं तरंगताना अर्ध्या राळेगावाने तुमच्या स्टेटसवर पाहिलं आहे. (वणीला कोळशाचे ट्रक भरून देताना तुम्ही इतके गोरे कधी दिसला नव्हतात.) माझी विचाराल तर जळते आहे. पित्त नाही, मीच जळतो आहे. हे फोनवर न बोलता लेखी कळवतो, कारण फोन केला की तुमच्या शेजारी आमची सौ. भागीरथा असते. मला फोटो पाठवता येत नाहीत, म्हणून आमच्या शेजारची सुरभी तिच्या फोनने पत्राचे फोटो काढून तुमच्याकडे पाठवील.

तुम्ही चार तिकिटांचं काढलंत तेव्हा मी नाही म्हणालो, हे खरं. घरात कापूस पडलाय, बेटावर चोऱ्यामाऱ्या होतात, असं काहीबाही बोललो. पण साडूभाऊ, पहिल्यांदा नाही म्हणायचं असतं! धाकट्या साडूने लगेच हो म्हटलं तर हावरा दिसतो. दुसऱ्यांदा आग्रह झाला की मी बॅग भरणारच होतो. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंच नाही, आणि भागीरथा म्हणाली, "मंग तुम्ही राहा घरी कापसापाशी, मी जाऊन येतो." पंचवीस वर्षांत ही बाई माझ्याशिवाय कळंबच्या चिंतामणीला गेली नाही. आता तुमच्या शेजारी उभी राहून नारळपाणी पिते आणि हसते. नारळ आमच्याही घरी फुटतात, पण असं हसू मी पाहिलेलं नाही. मला याचा भयंकर राग आलेला आहे.

तरीही मी कर्तव्याला चुकलो नाही. परमुलखात चोरांपासून कसं वाचावं याचं कात्रण मी तिच्या पिशवीत घातलं आहे, ते तुम्हीही वाचा. पाण्यात उतरताना सामान काठावर टाकू नये. खोलीचा नंबर परक्याला सांगू नये. सगळे पैसे एका खिशात ठेवू नयेत. (तुमच्या फोटोत तर खिसाच दिसत नाही.) आणि सोनं अंगावर घालू नये. म्हणून मी बाजारातून तिला नकली पोत आणून दिली आणि सोन्याची पोत, जिच्या वाटीवर आमच्या पियुषच्या दुधाच्या दाताची खूण आहे, ती घरी ठेवून घेतली. तिनेच ती फडक्यात घट्ट बांधून माझ्या हाती दिली, म्हणाली, "जपून ठेवजा." कपाट चोर आधी फोडतात, म्हणून मी ते गाठोडं मधल्या खोलीतल्या कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून ठेवलं. आहे का कोणत्या चोराची टाप?

काल भाव जरा चढला म्हणून व्यापाऱ्याची गाडी बोलावली. माणसं कापूस भरत होती आणि मी ओट्यावर बसून तुमचं स्टेटस पाहत होतो. तुम्ही खेकडा खाताना, ताई खेकडा खाताना, भागीरथा (माळकरी बापाची लेक!) खेकडा हातात धरून. त्या खेकड्यावर माझी नजर खिळली आणि गाडी निघून गेली. पोत आठवली तेव्हा खोलीत फक्त काडी-कचरा उरला होता. जिनिंगच्या कारखान्यावर पोचलो तर आमचा कापूस दहा गावच्या कापसात मिसळलेला. मी ढिगात उडी घेतली. कमरेपर्यंत आत गेल्यावर चौकीदाराने मागून कॉलर धरली.

"काय शोधून राह्यला बे? कापूस चोरतं काय?"

सोनं म्हणालो असतो तर अख्खी जिनिंग ढिगात उतरली असती. म्हणून म्हणालो, "चष्मा पडला." त्याने माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे बराच वेळ पाहिलं. जन्मभर चोरांपासून सावध राहिलेल्या माणसाला, साडूभाऊ, त्यांनी चोर म्हणून दोन तास वजनकाट्याशेजारी बसवून ठेवलं, आणि येणारा प्रत्येक गाडीवाला माझ्याकडे पाहून आपल्या खिशाला हात लावत होता.

असो. मौज पुरे झाली. गुरुवारचं विमान चुकवू नका. लोभ आहे तेवढाच असू द्या.

तुमचा,
उकंडा

ता. क. विमानाचं वरचं वाक्य खोडा. भागीरथेला तिथे आणखी आठ दिवस ठेवून घ्या, हात जोडतो. खेकडे खाऊ घाला, नारळपाणी पाजा, हवं तेवढं हसू द्या. पोत सापडेपर्यंत मी तिला तोंड दाखवू शकत नाही. तिच्या आईची आहे ती.

ता. क. दुसरा. सुरभी आली. माझ्या फोनवरचा खेकड्याचा फोटो तिने बोटांनी मोठा केला. भागीरथेच्या गळ्यातल्या पोतीच्या वाटीवर दाताची खूण आहे! मला तिने फडक्यात नकली बांधून दिली होती. बेटावरच्या चोरांपेक्षा तिला माझ्या जपण्याचीच धास्ती. आता आठ दिवस नकोत, गुरुवारीच आणा. घर फार मोठं वाटतं. आणि हे पत्र तिला दाखवू नका.

ता. क. तिसरा. सुरभीकडे तुमचा नंबरच नाही. तिने सगळी पानं भागीरथाकाकूच्या फोनवर पाठवली. उत्तर आलं आहे: "चष्मा सापडला काय?"