घोंगडीच्या तुकड्यावरून बाद ठरवलेली गाडी

प्रति,
मा. शर्यत नियंत्रण अधिकारी,
सह्यकृष्णा हौशी मोटार शर्यत संघ, कराड.

विषय : गाडी क्र. ७ चा निकाल कायम करून शिराळ्याच्या अंतिम फेरीत उतरू देणेबाबत.
संदर्भ : नियमावली कलम १४ व तपासनीस साहेबांचा दि. १० मार्चचा शेरा.

महोदय,

१. वडूजच्या माळावरील मातीच्या शर्यतीत सदर अर्जदार आपल्या जुन्या मारुतीसह पहिली आली. तासाभरात तपासनीस साहेबांनी बॉनेट उघडले. इंजिनात हवा शिरते त्या नळीच्या तोंडाला घोंगडीचा तळहाताएवढा तुकडा बांधलेला दिसला. 'हवेच्या मार्गात बदल' असा शेरा मारून त्यांनी गाडी बाद केली.

२. तुकडा बांधला होता, हे अर्जदार नाकारत नाही. गेल्या वर्षी याच माळाची धूळ खाऊन गाडीच्या पिस्टन रिंगा गेल्या व गाडी आठ महिने गोठ्यात उभी राहिली. अर्जदाराच्या आत्या श्रीमती रंगुबाई यांचा जन्म मेंढरांमागे गेला. धुळीच्या वाऱ्यात माणूस तोंडावर घोंगडीचे टोक घेतो, तसे गाडीच्या तोंडालाही बांध, असे त्यांनी सांगितले. अर्जदाराने ऐकले, एवढाच गुन्हा.

३. कलम १४ हे जादा हवा ओढून ताकद वाढवणाऱ्यांसाठी आहे. घोंगडीने हवा कमी होते. चढाला गाडी धापा टाकत होती, हे सगळ्या माळाने पाहिले. परंतु लोकरीमुळे हवा गार होते व गार हवेने ताकद वाढते, असा शोध साहेबांनी लावला. दुसऱ्या क्रमांकाच्या श्री. उदयसिंह यांच्या गाडीला मनगटाएवढी नवी हवेची नळी थेट पुढच्या जाळीपर्यंत आणली आहे. तिच्यापुढे 'बिल पाहिले, योग्य' असा शेरा आहे. आता पहिला नंबर त्यांचा.

४. अर्जदाराकडेही बिल मागण्यात आले. घोंगडीचे बिल नसते म्हटल्यावर उत्पादकाचे प्रमाणपत्र मागितले. म्हणून अर्जदाराने उत्पादकालाच, म्हणजे आत्यांना, समोर उभे केले. त्या म्हणाल्या, "आवं सायेब, त्यो तुकडा नाकावर बांधा आन् ह्या माळाला एक फेरी पळून दावा. ताकद वाढती का जाती, तुमालाच कळंल." साहेबांनी यावर 'महिलेने धमकी दिली' अशी नोंद केली. अर्जदाराला या नोंदीचा संताप आहे व तो लपवण्याची तिची इच्छा नाही. आत्या चालायला लागल्यापासून कोणाला धमकावत नाहीत, मेंढरालाही नाही.

५. अर्जदार चार वर्षे या अंतिम फेरीसाठी झटत आहे. फेरी येत्या रविवारी आहे. त्यानंतर आलेल्या उत्तराचे अर्जदाराने लोणचे घालायचे काय?

६. तरी विनंती की, घोंगडीने ताकद वाढते असे संघाचे मत कायम असल्यास हा लाभ सर्वांना समान मिळावा. गाडीला बांधलेला तुकडा आधीच फाटलेल्या घोंगडीचा होता; रंगुबाईंनी आयुष्यात घोंगडीला कात्री लावली नव्हती. काल त्यांनी स्वतःच्या अंगावरची घोंगडी कापली. अंतिम फेरीतल्या उरलेल्या अकरा गाड्यांसाठी अकरा तुकडे सोबत जोडले आहेत. त्यांतला पहिला श्री. उदयसिंह यांच्या नळीला बांधावा, मग बाकीचे इतरांच्या, आणि शर्यत लावावी. अर्जदार सर्वांत शेवटी सुटायला तयार आहे.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
अपेक्षा ज्योतिबा खरात
वडूज, ता. खटाव
दि. १३ मार्च २०२४

सोबत : १) निकालपत्राची प्रत. २) घोंगडीचे तुकडे, नग अकरा. काम झाल्यावर परत मिळावेत, आत्यांना ते पुन्हा शिवायचे आहेत.